वस्तू नट होतात तेव्हां



एका साध्या लांकडी टेबलावर एक पळी, एक कुलूप, चहाची गाळणी, जुनी छत्री आणि आगपेटी अशा पांच वस्तू मांडल्या आहेत, आणि त्यांच्याभोंवतीं पांच माणसें उभीं आहेत, अशी कल्पना करा. या माणसांना कोणीं नाटक लिहून दिलेलें नाहीं. प्रत्येकानें एक वस्तु हातीं घ्यावयाची आणि पुढील दहा मिनिटांत त्या पांच वस्तूंमध्यें जें कांहीं घडेल तें घडूं द्यावयाचें, एवढीच आज्ञा. माणसानें नट व्हावयाचें नाहीं. नट व्हावयाचें तें पळीनें आणि कुलुपानें. नाट्यशिक्षणाच्या वर्गांत, शाळांत, आणि हल्लीं तर मोठमोठ्या कचेऱ्यांतहि नोकरवर्गाचें मन मोकळें व्हावें म्हणून असे सामुदायिक खेळ खेळविले जातात. कचेऱ्यांतल्या खेळांविषयीं मला फारसा उत्साह नाहीं. ज्या खेळाचें फळ आधींच ठरलें आहे तो खेळ कसला? परंतु ते असोत. पाहणाऱ्याला हा सारा प्रकार प्रथम पोरखेळ वाटतो, आणि तसा तो आहेहि. मात्र या पोरखेळाला चारशें वर्षांहून अधिक जुना लेखी इतिहास आहे, त्याला मोठ्या नाटककारांचा व पंडितांचा हात लागलेला आहे, आणि त्या इतिहासांत एक प्रश्न पुन्हां पुन्हां उभा राहिलेला दिसतो. निर्जीव वस्तूला रंगभूमीवर जीव येतो तो कोठून येतो? वस्तूच्या आकारांतून, ती हालविणाऱ्या हातांतून, कीं पाहणाऱ्यांच्या संमतींतून? माझा कल तिसऱ्या उत्तराकडे आहे, आणि तो कां, हें त्या इतिहासाच्याच आधारें सांगावयाचें आहे.

माझ्या वाचनांत आलेलें या खेळाचें सर्वांत जुनें चित्र शेक्सपियरच्या 'टू जंटलमेन ऑफ व्हेरोना' या त्याच्या अगदीं आरंभींच्या नाटकांत आहे. लॉन्स नांवाचा एक नोकर धन्याच्या पाठोपाठ परगांवीं निघाला आहे. त्याच्या निरोपाच्या वेळीं घरचीं सगळीं माणसें रडलीं, मांजरसुद्धां व्याकुळ झालें. एक त्याचा कुत्रा तेवढा रडला नाहीं. हें दुःख प्रेक्षकांना सांगतां सांगतां तो पायांतले जोडे काढतो. एक जोडा बाप आणि दुसरा आई असें ठरवितो, पण कोणता कोण यावरून त्याचें स्वतःशींच भांडण जुंपतें. अखेर ज्याच्या तळाला भोंक आहे तो जोडा आई ठरतो. हातांतली काठी ही बहीण, कारण ती गोरी व सडपातळ. टोपी ही मोलकरीण. कुत्र्याचें सोंग कोणीं घ्यावें, त्यानें स्वतः कीं प्रत्यक्ष कुत्र्यानें, यावर तर त्याचा पार घोटाळा उडतो. मग तो बापाच्या जोड्यापाशीं आशीर्वाद मागतो आणि आईच्या जोड्याचें चुंबन घेतो.

प्रेक्षक येथें पोट धरून हंसतात, पण त्यांच्या हंसण्यांत एक गोष्ट दडलेली असते. लॉन्सचा निश्चय होत नाहीं तोंवर ते जोडे नुसते जोडे असतात. निश्चय झाला, तो त्यानें मोठ्यानें सांगितला, आणि प्रेक्षकांनीं तो मानला, कीं त्याच क्षणापासून जोडा हा बाप होतो. जोड्यांत तिळमात्र फरक पडलेला नसतो. त्याला डोळे चिकटविलेले नसतात कीं मिशा काढलेल्या नसतात. फरक पडतो तो बघणाऱ्यांत.

त्याच शेक्सपियरच्या 'चौथा हेन्री' या नाटकाच्या पहिल्या भागांत याहून खोल पाण्यांतला प्रसंग आहे. ईस्टचीपच्या खानावळींत युवराज हॅल आपल्या उडाणटप्पू मित्रांत बसला आहे. सकाळीं त्याला बापापुढें, म्हणजे राजापुढें, उभें राहावयाचें आहे. तेव्हां आतांच थोडी तालीम करूं, अशी टूम निघते. धिप्पाड फॉल्स्टाफ राजा होतो. खुर्ची सिंहासन, खंजीर राजदंड आणि उशी मुकुट, अशी वांटणी झटपट होते. संवाद कोणींच लिहिलेले नाहींत. जो तो तोंडाला येईल तें बोलतो. म्हणजे आज ज्याला आपण सामुदायिक उत्स्फूर्त नाट्य म्हणतों तें येथें नाटकाच्या आंत नाटक म्हणून अवतरलें आहे. थोड्या वेळानें अदलाबदल होते. युवराज राजा बनतो आणि फॉल्स्टाफ युवराज. राजापुढें उभा राहून हा खोटा युवराज विनवणी करतो कीं सगळ्या सोबत्यांना घालवा, पण बिचाऱ्या फॉल्स्टाफला घालवूं नका. त्यावर तो खोटा राजा दोनचार शब्दांत उत्तर देतो कीं घालवीन. त्या उत्तराबरोबर खानावळीचा रंगच पालटतो, कारण उशीचा मुकुट घालून उच्चारलेलें तें वाक्य खरें आहे हें बोलणाऱ्याला, ऐकणाऱ्याला आणि आपणांला एकदम कळतें. नाटकाच्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस खरा मुकुट धारण केलेला हॅल फॉल्स्टाफला खरोखरच दूर करतो. जें खऱ्या राजवाड्यांत बोलतां आलें नसतें तें खुर्ची, खंजीर आणि उशी यांच्या आडोशानें बोलतां आलें.

हा विलायती नमुना झाला. आपल्या घरीं या प्रकारची ओळख नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. कोंकणांतील दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान ठरतें, पात्रें ठरतात, आणि संवाद नट रंगभूमीवरच रचीत जातात. सामानसुमान म्हणावें तर एक लांकडी बांक. तेंच सिंहासन, आणि प्रसंग बदलला कीं तेंच दुसरें कांहीं. याहूनहि जवळचें उदाहरण देवघरांतलें आहे. कोणत्याहि पूजेच्या आरंभीं तांदळांच्या राशीवर एक सुपारी ठेवतात, तिच्या ठायीं गणपतीचें आवाहन करतात, तिला स्नान, गंध, फूल, नैवेद्य सारें अर्पण करतात, आणि अखेरीस अक्षता वाहून विसर्जन करतात. पुष्कळ घरांत भाद्रपदांतल्या गौरी म्हणजे नदीवरून अथवा विहिरीवरून आणलेले पांच किंवा सात खडे असतात. त्या खड्यांना पाहुणचार होतो, घर दाखवितात, जेवूं घालतात, आणि तिसऱ्या दिवशीं पुन्हां पाण्यांत सोडतात.

पूजा आणि खेळ हीं एक नव्हेत, हें मला पूर्ण मान्य आहे. पूजेंत श्रद्धा असते. खेळांत फक्त करार असतो. पण बोलावणें, मान देणें आणि निरोप देणें ही तीन पायऱ्यांची रीत दोन्हींकडे सारखी दिसते, आणि म्हणूनच आपल्याकडील मुलांना हा खेळ शिकविण्यास वेळ लागत नाहीं असा माझा अनुभव आहे. बाहुलीची गोष्ट वेगळी. ज्ञानेश्वरांनीं दृष्टान्तासाठीं घेतलेलें साइखड्याचें बाहुलें काय, किंवा कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या काय, त्या नट व्हावयासाठींच घडविलेल्या असतात. सुपारी मात्र अडकित्त्यासाठीं आलेली असते. पळी वरणासाठीं आलेली असते. तिला नट करणें हें वेगळें साहस आहे.

विसाव्या शतकांत हें साहस युरोपांत पुष्कळांनीं केलें, आणि पहिल्यानें केलें तें आरडाओरडीनें. इटलीचा मारिनेत्ती हा जुन्या कलेचा कट्टर वैरी. त्यानें १९१५ सालीं 'ते येत आहेत' या अर्थाच्या नांवाची एक पानभर नाटिका लिहिली आणि तिला 'वस्तूंचें नाटक' असें उपनांव दिलें. कोणी पाहुणे यावयाचे आहेत म्हणून नोकर घाईनें आठ खुर्च्या व एक आरामखुर्ची मांडतात. पुन्हां हुकूम येतो, पुन्हां त्या हालवितात. पाहुणे येतच नाहींत. शेवटीं त्या खुर्च्याच आपल्या पायांनीं खोलीबाहेर चालूं लागल्या आहेत असा भास निर्माण होतो. मारिनेत्तीच्या राजकारणाविषयीं मला तिळमात्र प्रेम नाहीं, पण नऊ रिकाम्या खुर्च्यांनीं नऊ नटांहून जास्त धास्ती उत्पन्न करावी ही त्याची सूझ अस्सल होती.

याच्या अगदीं उलट प्रकृतीचा माणूस म्हणजे चार्ली चॅप्लिन. 'द गोल्ड रश' हा त्याचा चित्रपट १९२५ चा. दोन कांट्यांना दोन पाव टोंचून तो त्यांना टेबलावर नाचवितो. कांटे हे पाय, पाव हे बूट, आणि वर चार्लीचा स्वतःचा गंभीर चेहरा. ही युक्ति त्याच्या आधीं १९१७ सालच्या एका चित्रपटांत रॉस्को आर्बकल यानें केली होती. पण लोकांच्या स्मरणांत राहिला तो चॅप्लिनच, आणि त्याचें कारण हातचलाखी नव्हे. वर्षाच्या अखेरच्या रात्रीं या कंगाल माणसानें आपल्या आवडत्या मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना जेवावयास बोलाविलें आहे. टेबल मांडून तो वाट पाहतां पाहतां झोंपी जातो, आणि पावांचा नाच होतो तो त्याच्या स्वप्नांत. तो जागा होतो तेव्हां कोणीच आलेलें नसतें. तो सुंदर नाच पाहण्यास चित्रपटांतल्या जगांत एकहि प्रेक्षक नव्हता. ती मैफल आपणच काय ती पाहिली.

मॉस्कोचे सर्गेई ओब्राझ्त्सोव्ह (१९०१ ते १९९२) हे चित्रकलेकडून नाटकाकडे व तेथून बाहुल्यांकडे आले. १९३१ सालीं मॉस्कोंत मध्यवर्ती सरकारी बाहुली-नाट्यगृह निघालें त्याचे ते प्रमुख. मोठमोठे प्रयोग त्यांनीं केले, पण त्यांचा जो खेळ जगभर गाजला त्यांत बाहुलीच नव्हती. उघड्या हातांच्या तर्जन्यांवर दोन लांकडी चेंडू खोंवलेले, त्यांना नाक नाहीं, डोळे नाहींत. आणि ते दोन चेंडू एका प्रेमगीताच्या सुरावर एकमेकांकडे वळतात, लाजतात, दूर होतात. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्यें ईव्ह जोली यांनीं नुसते हात, छत्र्या आणि कागद यांचे असेच खेळ केले. त्यांच्या कागदाच्या शोकान्तिकेंत पात्रें चपट्या कागदाचीं असत आणि त्यांचा शेवट खऱ्या कात्रीनें व खऱ्या ज्वाळेनें होई. रंगभूमीवर माणूस मरतो तेव्हां तो पडदा पडल्यावर उठून घरीं जाणार हें आपणांस ठाऊक असतें. जोलींचा कागद उठत नसे.

आतां ज्या स्थळीं मला थोडें जास्त थांबावयाचें आहे तें स्थळ प्राग हें शहर. तेथें बाहुल्यांच्या खेळाचा पंडितांनीं गंभीरपणें विचार चालविला होता. ओताकर झिख यांनीं १९२३ सालीं असें मांडलें कीं बाहुलीकडे दोन रीतींनीं पाहतां येतें: ती निर्जीव आहे हें मनांत ठेवलें तर तिचें माणसासारखें वागणें हास्यास्पद वाटतें, ती सजीव मानली तर तिच्यांत कांहीं गूढ, किंचित् भयप्रद असें दिसूं लागतें. पुढें १५ मार्च १९३९ रोजीं जर्मन सैन्य प्रागमध्यें शिरलें, आणि त्याच वर्षीं १७ नोव्हेंबरला झेक विद्यापीठें बंद करण्यांत आलीं. १९४० सालीं प्रागच्या भाषाशास्त्र-मंडळाच्या नियतकालिकांत यिर्झी वेल्त्रुस्की या वीस-एकवीस वर्षांच्या तरुणाचा एक लेख आला. विषय होता रंगभूमीवरील माणूस आणि वस्तु.

वेल्त्रुस्कीचें म्हणणें असें. माणूस करणारा आणि वस्तु ही त्याच्या हातांतलें साधन, अशी सरळ विभागणी आपण व्यवहारांत करतों. रंगभूमीवर ती टिकत नाहीं. एक कट्यार घ्या. ती कमरेला लटकत आहे तोंवर पोषाखाचा भाग. तिचा धनी सरदार आहे एवढें ती सांगते. त्यानें ती उपसली कीं ती घटनेचा भाग झाली. खून झाल्यावर रक्ताळलेली पडून राहिली कीं आतां तीच एकटी खुनाची साक्ष देते. आणि उलट बाजूनें पाहा. दाराच्या दोहों बाजूंस निश्चल उभे असलेले दोन पहारेकरी जिवंत माणसें असूनहि भिंतीसारखे, देखाव्याचा भाग झालेले असतात. तेव्हां माणूस आणि वस्तु यांच्यामध्यें भिंत नसून एक उतरण आहे. माणूस उतरत उतरत वस्तु होऊं शकतो, आणि वस्तु चढत चढत, तिला हालविणारा कोणी नसतांनाहि, कर्ता होऊं शकते.

हा लेख सर्वस्वीं नाट्यशास्त्राचा आहे, त्यांत राजकारणाचा आव नाहीं. पण तो ज्या सालीं व ज्या शहरांत छापला गेला तें लक्षांत घेऊन वाचूं लागलें म्हणजे मला तो निव्वळ शास्त्रीय राहत नाहीं. माणसांना मोजण्याच्या, हालविण्याच्या आणि टाकून देण्याच्या वस्तू समजणारांचा अंमल तेथें चालू होता. अशा वेळीं एक तरुण शांतपणें लिहितो कीं माणसाला वस्तु बनवितां येतें, आणि वस्तूलाहि माणसाची प्रतिष्ठा देतां येते, व हें दोन्ही पाहणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून आहे. पळीचा नाच हा पोरखेळ म्हणून सोडून देण्याचें मला धाडस होत नाहीं तें या लेखामुळें.

त्याच सुमारास अमेरिकेंत, शिकागो शहरांत, हाच प्रश्न दुसऱ्या टोंकानें सोडविला जात होता. तेथील हल हाउस ही संस्था जेन अ‍ॅडम्स व एलेन गेट्स स्टार या दोन स्त्रियांनीं १८८९ सालीं स्थापिलेली, आणि परदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांची ती मोठी आधार. तेथें नेव्हा बॉइड या बाईंनीं खेळांच्या द्वारें सामाजिक शिक्षण देण्याचें शास्त्र उभारलें. त्यांच्या शिष्या व्हायोला स्पोलिन यांनीं १९३९ ते १९४१ या काळांत सरकारी करमणूक-योजनेंत नाट्याचें काम पाहिलें. ज्यांची भाषा एक नाहीं, ज्यांना लेखी नाटक वाचतां येत नाहीं, अशा मुलांना व मोठ्यांना एकत्र आणावयाचें कसें, या अडचणींतून त्यांचे नाट्यखेळ जन्मले, आणि १९६३ सालीं ते पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाले. स्पोलिनबाईंच्या पुष्कळ खेळांत वस्तु असते, पण ती नसलेली वस्तु असते. दोन पक्ष रस्सीखेंच करतात आणि त्यांच्या हातांत दोर नसतो. एका बाजूनें ओढलें आणि दुसरी बाजू पुढें खेंचली गेली नाहीं, तर दोर तुटला हें खोलींतल्या प्रत्येकाला तत्काळ दिसतें. नसलेला दोर तुटलेला दिसतो! दोर दिसतो तोहि सर्वांनीं मिळून धरला असेल तरच.

कांहीं शिक्षकांचा यावर असा आग्रह असतो कीं खरी कल्पनाशक्ति वाढावयाची तर वस्तु हातांत नसलीच पाहिजे. मला तो आग्रह पटत नाहीं. नसलेल्या दोराला मी म्हणेन तें वजन असतें; खऱ्या पळीला तिचें स्वतःचें वजन असतें, आणि ती माझें ऐकेलच असें नाहीं. लाटणें गडगडतें, आगपेटी खुळखुळते, छत्री नको तेव्हां उघडते. वस्तूच्या या हट्टापुढें माणसाला नमतें घ्यावें लागतें, आणि लहान मुलांना तर तेंच शिकावयाचें असतें.

वस्तूच्या हट्टाचा सर्वांत बारकाईनें अभ्यास पॅरिसच्या झाक लकोक यांनीं केला. त्यांची नाट्यशाळा १९५६ सालीं सुरू झाली. चुरगळलेला कागद पुन्हां उलगडण्याची धडपड कशी करतो, साखरेचा खडा कसा विरघळतो, हें विद्यार्थ्यांनीं पाहावयाचें आणि आपल्या अंगांत आणावयाचें, असे धडे ते देत. त्यापुढचें पाऊल फ्रान्सच्या दक्षिणेकडील मार्सेय शहरच्या एका मंडळीनें टाकलें. क्रिस्तियां कारिन्यों आणि केटी देविल यांनीं १९७९ सालीं काढलेल्या या मंडळीचें नांवच 'स्वयंपाकघराचें नाटक' अशा अर्थाचें आहे, आणि 'वस्तु-नाट्य' या अर्थाचा जो फ्रेंच शब्द आज सर्वत्र रूढ आहे तो १९८० सालीं देविलबाईंनींच प्रचारांत आणला. बाहुलीवाल्यांशीं त्यांचा मतभेद एका मुद्द्यावर होता. वस्तूला रंगवूं नका, कापूं नका, तिला हातपाय लावूं नका. बाजारांत मिळते तशीच ती रंगभूमीवर आली पाहिजे, म्हणजे आपल्या घरींहि अशीच एक आहे हें पाहणाऱ्याला आठवेल.

या पद्धतीची कमाल मला इटलींत काम करणाऱ्या ज्यूला मोल्नार यांच्या १९८४ च्या 'छोट्या आत्महत्या' या अर्थाच्या प्रयोगांत दिसते. टेबलावर रंगीबेरंगी कागदांतल्या गोळ्याचॉकलेटांचा मेळा जमला आहे. त्यांत मिसळावयास एक पांढरी औषधी गोळी येते, पाण्यांत टाकली कीं फसफसणारी. चॉकलेटें तिला जवळ करीत नाहींत. ती नाना उपाय करून पाहते. अखेर पाण्याच्या पेल्यांत उडी घेते आणि फसफसत नाहींशी होते. गोष्ट इतकीच. पण ती गोळी विरघळतांना पेल्यांतून येणारा तो बारीक आवाज, जो एरवीं अजीर्णावरचा इलाज म्हणून आपण ऐकतों, तोच येथें प्राण जाण्याचा आवाज होतो. आणि मोल्नारना त्यासाठीं कांहीं करावें लागत नाहीं, गोळी आपल्या धर्माप्रमाणें वागत असते.

आतां प्रत्यक्ष खेळाच्या रीतीविषयीं थोडें. जाणते शिक्षक पहिला पाठ बहुधा खाकी कागदाचा देतात. मोठा कागद चुरगळून त्याला डोकें, धड व पाय यांचा ओबडधोबड आकार द्यावयाचा, आणि तिघांनीं मिळून तो धरावयाचा. ही वांटणी जपानच्या बुन्राकु बाहुल्यांवरून आलेली आहे. तेथें मुख्य कलावंत डोकें व उजवा हात, दुसरा डावा हात आणि तिसरा पाय सांभाळतो. दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउनची १९८१ सालीं निघालेली हँडस्प्रिंग मंडळी, जिचे घोडे लंडनच्या 'वॉर हॉर्स' या २००७ च्या नाटकानें जगप्रसिद्ध केले, ती सर्वांआधीं श्वास शिकविते. कागदानें चालावयाचें नाहीं, बोलावयाचें तर नाहींच. प्रथम फक्त श्वास घ्यावयाचा. तिघांनीं एकमेकांकडे न पाहतां कागद एकाच लयींत किंचित् वर आणि किंचित् खालीं नेला कीं पाहणारांचाहि श्वास त्या लयींत पडूं लागतो. तिघांपैकीं एकाला जरी आपली हुषारी दाखविण्याची लहर आली, तरी कागद तेथल्या तेथें मरतो. दुसरें पथ्य नजरेचें. खेळणारानें प्रेक्षकांकडे पाहिलें तर प्रेक्षक त्याच्याकडे पाहतात. त्यानें वस्तूकडे पाहिलें तर तेहि वस्तूकडे पाहतात. एका वेळीं एकच वस्तु हालावी, बाकीच्यांनीं ऐकावें. आणि दुसऱ्याच्या वस्तूनें जें केलें तें खरें मानून पुढें जावें. पळीनें कुलुपाला राजा म्हणून मुजरा केला तर कुलुपानें 'मी राजा नव्हे' असें म्हणूं नये. किनऱ्या आवाजांत चमच्याला बडबड करावयास लावणें हा नवशिक्यांचा आवडता प्रकार, आणि त्यानें खेळाचा जितका नाश होतो तितका दुसऱ्या कशानें होत नाहीं.

बीड जिल्ह्यांतील एका शाळेंत सातवीच्या मुलांचा असा एक खेळ पाहण्याचा योग मला आला. दिवाळी नुकतीच सरली होती. तिकडे त्या दिवसांत ऊसतोडीसाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें गांव सोडतात, आणि त्यांच्याबरोबर मुलेंहि जातात. त्या वर्गांतल्याहि कांहीं जागा रिकाम्या होत्या. पांच मुलांना पांच वस्तू दिल्या होत्या: हजेरीपट, खडू, फूटपट्टी, डस्टर आणि पाण्याच्या बाटलीचें निळें झांकण. ज्या मुलीकडे हजेरीपट होता तिनें तो टेबलाच्या मध्यावर उघडून ठेवला आणि ती हात मागें घेऊन उभी राहिली. हजेरीपट शेवटपर्यंत हालला नाहीं, आणि तरी त्या टेबलावरचा मुख्य नट तोच होता. खडू टुणटुण उड्या मारीत त्याच्यापाशीं गेला, पानाला टेंकला, आणि रांगेंत जाऊन बसला. फूटपट्टी सरळ गेली व सरळ आडवी झाली. झांकण ज्या मुलाकडे होतें त्यानें तें कडेवर उभें करून सोडलें. तें घरंगळत हजेरीपटाकडे निघालें, अर्ध्या वाटेवर वळलें, कारण झांकणें सरळ जातच नाहींत, आणि टेबलाच्या कडेवरून खालीं पडलें. तो मुलगा तें उचलावयास वांकला नाहीं.

कांहीं वेळ कोणीच हाललें नाहीं. मग डस्टर उठलें. तें सावकाश हजेरीपटाकडे सरकूं लागलें, आणि आतां तें पुसणार असें आम्हां सर्वांना वाटलें. पण हजेरीपटावरची शाई डस्टरानें पुसत नाहीं हें त्या मुलांना ठाऊक होतें. डस्टर उघड्या पानांच्या मधोमध जाऊन आडवें पडलें, अशा बेतानें कीं हजेरीपट मिटतां येऊं नये. मागच्या बांकावरून कोणीतरी त्या वेळीं घरीं नसलेल्या एका मुलाचें नांव हळूच घेतलें. वर्गाच्या बाईंनीं खेळ थांबविला नाहीं, कीं त्यावर एक शब्दहि बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें त्यांनीं मुलांना वस्तू जागच्या जागीं ठेवावयास सांगितलें. खडू डबींत गेला, डस्टर फळ्याखालीं गेलें, आणि झांकण शोधण्यास दोन मुलें टेबलाखालीं शिरलीं.

वस्तु-नाट्याची अलीकडची एक मोठी मजल सांगावयाची राहिली. इंग्लंडांतील शेफील्ड शहरच्या फोर्स्ड एन्टरटेन्मेंट या मंडळीनें २०१५ सालीं बर्लिनमध्यें शेक्सपियरचीं ३६ नाटकें नऊ दिवसांत करून दाखविलीं. नट सहा, प्रत्येक नाटक एकटा नट सुमारें तासाभरांत करी. रंगभूमि म्हणजे मीटरभर लांबीचें एक टेबल, आणि पात्रें म्हणजे मिठाची व मिरपुडीची डबी, चमचा, फूटपट्टी, फुलदाणी, बाटल्या आणि अशीच घरांतली इतर चीजवस्तु. मूळचे संवाद नाहींत. नट वस्तू पुढें-मागें सरकवीत कथा साध्या बोलींत सांगत जातो. त्यांत 'चौथा हेन्री' होतें. म्हणजे उशीला मुकुट मानणारा फॉल्स्टाफ या खेपेस स्वतःच टेबलावरची एक वस्तु झाला होता. पुढें २०२० सालीं महामारीमुळें नाटकगृहें बंद पडलीं, तेव्हां त्याच नटांनीं हीं नाटकें आपापल्या घरच्या टेबलांवर करून दूर बसलेल्या प्रेक्षकांना दाखविलीं. त्यासाठीं त्यांना कोणाकडे सामान मागावयास जावें लागलें नाहीं. सगळी मंडळी फडताळांत तयारच होती.